एका बाराची बंदूक

सुलेखा पालवला अमेरिकेत येऊन चौदा वर्षं झाली होती. गाडी चालवायचं लायसन्स सोडलं तर स्वतः अभ्यास करून, स्वतः परीक्षा देऊन मिळवलेला कागद तिच्याकडे एकच होता. तो म्हणजे हरणाच्या शिकारीचा परवाना.

बाकीचे सगळे कागद प्रतापच्या मागोमाग आलेले. त्याचा कामाचा व्हिसा, म्हणून तिचा डिपेंडंटचा. त्याची मुदत वाढली की तिची वाढायची, तिची नोकरीची परवानगीही त्यातूनच आलेली. त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी नाव लावलं तेव्हा रांगेत त्याच्यामागे ती आणि तिच्यामागे रुचा. रुचा तेव्हा अगदी लहान होती, आता सतराची झाली होती आणि कॉलेजांचे अर्ज भरत होती. या हिवाळ्यात आपली तारीख लागेल, असं वकिलाने सांगितलं होतं. सोबत हेही सांगितलं होतं की तोवर घरात काही गडबड नको. वेगात गाडी चालवल्याचं तिकीटसुद्धा नको.

आणि अशा वेळी सुलेखाला बंदूक घ्यायची होती.

"सुलू, अख्ख्या ईडन प्रेरी गावात तुलाच हे सुचायचं होतं?" प्रताप म्हणाला. "बाकीच्या बायका योगाला जातात."

"त्यांना जाऊ द्या की."

ती कुडाळच्या बाजूची. घरची भातशेती आणि काजूची झाडं होती आणि डुकरांचा त्रास भारी. पिकाच्या राखणीसाठी वडिलांकडे परवान्याची एकनळी होती. कापणीच्या आधी पंधरा दिवस ते शेतातल्या माळ्यावर झोपायचे आणि मुलांपैकी कुणीतरी सोबत असायचं. दोघा भावांना बंदूक धरायला मिळायची. सुलेखाला मिळायची बॅटरी. प्रकाश हलता कामा नये, एवढंच तिचं काम. वडील सांगायचे, "एकच बार आसलो काय माणूस आधी बघता, मगे चाप ओढता." ती बघायला शिकली. चाप ओढायला मात्र तिला कुणी दिला नाही, आणि तिनेही कधी मागितला नाही. मागायचा असतो, हेच त्या वयात माहीत नव्हतं.

सकाळी साडेसहाला ती शाळेच्या किचनमध्ये कामाला जायची आणि दोनला सुटायची. उन्हाळ्यात गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या वाफ्यात मेथी, वांगी, लाल माठ लावायची. शेजारचा वाफा आर्लीनचा. आर्लीन एकाहत्तर वर्षांची, उंच, कमी बोलणारी. हरणं येऊन दोघींची भाजी सारखीच खायची, त्यातून ओळख झाली. एका नोव्हेंबरात आर्लीनने हरणाचं मटण आणून दिलं. सुलेखाने ते भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात केलं आणि डबा भरून परत दिलं. आर्लीनने नाक पुसत पुसत सगळं खाल्लं आणि फोन केला, "पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर चल. मटण तुझं तूच आण."

आर्लीनची चाळीस एकर जमीन उत्तरेला, ऐटकिन गावाच्या पलीकडे, गाडीने अडीच तासांवर होती. नवरा गेल्यावर त्याच्या बंदुका मुलांनी वाटून नेल्या होत्या. उरलेली एक आर्लीन स्वतः वापरायची, आणि ती सुलेखाच्या खांद्याला दोन बोटं लांब पडायची. शूटिंग रेंजवर सुलेखा त्या बंदुकीनेच शिकली. दर वेळी मान ताणावी लागायची. तेव्हा आपल्या मापाची, साधी, परवडणारी एक आपण घ्यावी, असं तिने ठरवलं. किचनच्या पगारातून चारशे डॉलर बाजूला ठेवले होते, त्यात बसेल ती.

कायद्याची गोष्ट अशी होती की व्हिसावरच्या माणसाला या देशात बंदूक हातात घेणंसुद्धा गुन्हा. पण ज्याच्याकडे शिकारीचा चालू परवाना आहे, त्याला यातून सूट. सुलेखाने आधी परवाना काढला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला, आणि मगच आर्लीनच्या बंदुकीला हात लावला. प्रतापने तो नियम तीन वेळा वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, "सूट आहे, मान्य. पण सूट म्हणजे काय? मुळात नाही म्हणतात, आणि आपण वादविवाद करून आत शिरतो. चौदा वर्षं मी एका रेषेवर चाललोय, सुलू. रुचाचं कॉलेज आहे पुढे."

"मी रेषेबाहेर कुठे जातेय?"

"बाहेर जाणाऱ्या सगळ्यांना असंच वाटतं."

तरी तो तिच्यासोबत गेला. कारण फाइल त्याच्याकडे होती. पासपोर्ट, व्हिसाची मंजुरी, विमानतळावर दिलेल्या प्रवेशाचा नंबर, भाड्याचे करार, सगळं एका निळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल त्याच्याशिवाय कुणी हाताळलेली त्याला चालायची नाही.

सोमवारचा दिवस. शनिवारी हंगाम उघडणार होता. डेलचं दुकान पश्चिमेला पाऊण तासावर, हायवेच्या कडेला. खाली गालिचा, भिंतीवर बंदुका, काउंटरमागे म्हातारा कुत्रा झोपलेला. हंगामाच्या तोंडावर असल्यामुळे चार-पाच गिऱ्हाइकं आत होती. सुलेखा आत शिरली तसं एकाने मागे वळून पाहिलं, मग पुन्हा वळून पाहिलं.

डेल पन्नाशीचा, लाल दाढीचा. आर्लीनने त्याला फोन करून ठेवला होता.

"तुम्हीच सुलेखा. हरणासाठी. काय दाखवू?"

"एका काडतुसाची," ती म्हणाली. "मधून मोडून भरतात ती. घोडा बाहेर असलेली."

डेलने भिंतीवरून दुसरीच एक काढली. "ऐका माझं. याच पैशात ही येते. चार काडतुसं आत बसतात. पहिला नेम चुकला तर लगेच दुसरा मारता येतो."

"मला दुसरा नकोय."

"सगळे आधी असंच म्हणतात. मग हरीण जखमी होऊन पळतं आणि माणूस बर्फात रक्त शोधत बसतो."

"म्हणूनच," सुलेखा म्हणाली. "दुसरा आहे हे माहीत असलं की पहिला घाईने जातो. मी माझी मला ओळखते."

डेलने तिच्याकडे नीट पाहिलं, चार काडतुसांची परत टांगली आणि आतून तीन बंदुका आणून रबरी चटईवर ठेवल्या. तिन्ही वापरलेल्या. प्रताप फाइल छातीशी धरून एक पाऊल मागे उभा होता.

पहिली दिसायला सगळ्यात देखणी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर मेणाचा हात फिरवलेला. सुलेखाने विचारून ती मोडली, आत काडतूस नाही हे आधी डोळ्याने आणि मग बोटाने पाहिलं, आणि पुन्हा मिटली. मग एका हाताने नळी आणि एका हाताने दस्ता धरून हलवून बघितलं. सांध्यात बारीकसा कट्‌ असा आवाज आला. तिने परत हलवली. परत आवाज.

"ढिली आहे," ती म्हणाली.

"थोडी," डेलने कबूल केलं. "किमतीत धरलंय ते."

दुसरी नवी दिसत होती, काळ्या प्लॅस्टिकची. सांधा घट्ट. तिने नळी दिव्याकडे करून मागच्या बाजूने आत पाहिलं. नळीच्या मध्यावर गंजाचे डाग होते, खरपूस भाजलेल्या पापडावर येतात तसे. कुणीतरी ओली ठेवून दिली होती. तिने ती मुकाट्याने बाजूला सारली.

तिसरी आखूड, मुलांसाठी बनवलेली. दस्त्यावर ओरखडे, आणि एका बाजूला कुणीतरी चाकूने दोन अक्षरं कोरलेली. सांधा हलला नाही. नळी आतून आरशासारखी. खांद्याला लावली तशी मान न ताणता गाल लाकडावर टेकला आणि डोळा आपोआप वर बसवलेल्या दुर्बिणीत गेला. तिने डेलची परवानगी घेऊन, पिशवीतून आणलेला जाड हातमोजा घातला आणि घोडा चढवून बघितला, परत अंगठ्याने धरून सावकाश उतरवून बघितला. थंडीत हाच घोडा निसटला तर नको ते व्हायचं. निसटला नाही. तिने पाच वेळा केलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" डेलने विचारलं.

"वडील करायचे. मी बॅटरी धरायचे."

त्याला ते कळलं नाही, पण तो हसला. "तीनशे पंचवीस."

"हीच देते," असं ती मराठीत प्रतापला म्हणाली. "हीच घेते" म्हणायचं होतं. जीभ घसरली होती.

मग डेलने फॉर्म काढला.

प्रतापने सवयीने हात पुढे केला. डेल म्हणाला, "नाही सर. घेणाऱ्यानेच भरायचा. तुम्ही हवं तर नंबर वाचून दाखवा."

प्रतापने पासपोर्टचा नंबर वाचला, प्रवेशाचा नंबर वाचला. देश, इंडिया. सुलेखाने सावकाश सगळं लिहिलं. मग खाली प्रश्नांची लांबलचक रांग आली, प्रत्येकासमोर हो आणि नाहीचे चौकोन. बंदूक स्वतःसाठी घेताय का, हा पहिला. तिने 'हो'वर खूण केली. पुढे गुन्हा, फरारी, नशा, मनाचा आजार.

मागे एक माणूस बूट आपटत उभा होता. फोन वाजत होता. प्रताप तिच्या खांद्यावरून वाचत होता आणि हलक्या आवाजात म्हणाला, "खाली सगळीकडे नो. व्हिसाच्या फॉर्मसारखंच. एकही येस नको."

व्हिसाचा फॉर्म तिला पाठ होता. तुम्ही अतिरेकी आहात का, नाही. तुम्ही माणसं पळवली आहेत का, नाही. दर तीन वर्षांनी मुंबईला जाण्याआधी प्रताप तो कॉम्प्युटरवर भरायचा. ती चहा घेऊन शेजारी बसायची, आणि तो नो, नो, नो करत पानाच्या तळाशी जायचा. या बाजूच्या प्रत्येक मराठी घरात तो असाच भरला जायचा. तिचं पेनही तसंच उतरलं. नो, नो, नो. एका ठिकाणी 'लागू नाही' असा चौकोन होता, प्रताप म्हणाला तेच कर, तिने तेच केलं. खाली सही.

डेलने फॉर्म, पासपोर्ट आणि शिकारीचा परवाना उचलला, बंदूक काउंटरच्या आत घेतली आणि मागच्या टेबलाशी जाऊन फोन कानाला लावला. सरकारी तपासणीचा तो नंबर. हंगामाच्या आठवड्यात वेळ लागतो, म्हणाला.

काउंटरवर फॉर्मची सूचनांची पानं राहिली होती. सुलेखाला रिकामं उभं राहता येत नाही. शाळेत बाईंनी सवय लावली होती, प्रश्न आधी शेवटपर्यंत वाचायचा, बोट ठेवून. ती बोट ठेवून वाचायला लागली. इंग्रजी तिला सावकाश वाचावं लागतं, म्हणून अर्धवट काही सुटत नाही. तिसऱ्या परिच्छेदावर बोट थांबलं.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या परदेशी व्यक्तीने त्या प्रश्नाला 'हो' लिहायचं. आणि सूट असेल तर त्याच्या खालच्या प्रश्नालाही 'हो', आणि पुरावा जोडायचा.

तिने पुन्हा वाचलं. मग त्याच्या वर, जाड अक्षरांत, खोटं उत्तर देणं हा केंद्र सरकारचा गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो, असं होतं. तेही तिने बोट ठेवून वाचलं.

"अहो."

"काय?"

"तिथे हो लिहायचं होतं. व्हिसावर आहात का, असा प्रश्न होता तो. मी नाही लिहिलं."

प्रतापने पान ओढून घेतलं. तेवढा परिच्छेद वाचला. तो डेलकडे बघत, ओठ न हलवता म्हणाला, "गप्प राहा."

"अहो, पण—"

"गप्प राहा म्हणतो ना. वर इंडिया लिहिलंय. नंबर लिहिलाय. त्यांना दिसेलच. झालं तर झालं, नाही तर नाही म्हणतील. तू आता तोंड उघडलंस की तो लिहून ठेवणार, हिने खोटं लिहिलं होतं."

"खोटं लिहिलंच आहे मी."

"चुकून!"

"ते त्यांना कसं कळणार, चुकून ते?"

बूट आपटणारा माणूस त्यांच्याकडे बघत होता. प्रतापने आवाज आणखी खाली आणला. "मग असं कर. सांग, विचार बदलला. घ्यायची नाही. निघू या. चल."

हे तिलाही पटल्यासारखं झालं. गाडी बाहेरच होती. समोरच हायवे. पण तिने डेलला हाक मारली.

"मी समजा घेतली नाही, तर त्या कागदाचं काय होतं?"

डेल फोन खांद्यात दाबून म्हणाला, "कागद माझ्याकडे राहतो. फायलीत. वर्षानुवर्षं. का? नकोय का?"

म्हणजे ती निघून गेली असती तरी तिची सही इथेच राहणार होती, लाल दाढीच्या माणसाच्या कपाटात, 'नो'च्या खाली. रुचा कॉलेजात जाईल, ग्रीन कार्डाची मुलाखत होईल, कुणीतरी विचारेल, कधी सरकारी कागदावर खोटं लिहिलंत का. तेव्हा पुन्हा नो लिहायचं?

प्रतापने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. लग्न झाल्यापासून त्याने कधी असं धरलं नव्हतं.

बा देवा म्हाराजा, ती मनात म्हणाली. गावी देवाला गाऱ्हाणं घालतात त्यातले पुढचे शब्द तिला आठवेनात. तेवढंच राहिलं. बा देवा म्हाराजा.

"डेल," ती म्हणाली, "फोन ठेवा. माझ्याकडून एक उत्तर चुकीचं गेलंय."

दुकानात फोनमधून येणारं होल्डवरचं संगीत ऐकू येत होतं. डेलने कुणाशी काही बोलायच्या आधीच फोन ठेवला. फॉर्म घेऊन तो काउंटरशी आला.

"कुठलं?"

तिने बोट ठेवलं.

"तुम्ही व्हिसावर आहात?"

"हो."

"आणि इथे नाही लिहिलंय."

"हो."

तो बराच वेळ फॉर्म वाचत राहिला. वरचा इंडियाचा चौकोन, मग खालचा. प्रतापने मनगट सोडलं होतं. तो छताकडे बघत होता. मागचा माणूस काहीतरी पुटपुटत बाहेर गेला, आणि दाराची घंटा वाजली.

"हे का लिहिलंत?" डेलने विचारलं.

"न वाचता लिहिलं. सगळीकडे नाही लिहायची सवय आहे आम्हाला."

डेलने दाढी खाजवली. "मीही वाचलं नाही. ते माझं कामच आहे, आणि तुमच्यामागे चार माणसं उभी होती म्हणून मी नुसता फोनकडे पळालो." त्याने पेन पुढे केलं. "अजून काही कुठे गेलेलं नाही. चुकीचं उत्तर एका रेघेने खोडा, वाचता आलं पाहिजे, लपवायचं नाही. बरोबर उत्तरावर खूण करा, खालच्या 'लागू नाही'चंही तसंच. शेजारी शॉर्ट सही आणि आजची तारीख. परवाना आहेच. आणि आता बाकीचे सगळे प्रश्न परत वाचा, मला घाई नाही."

तिने वाचले. पंधरा मिनिटं लागली. प्रताप बाहेर गाडीत जाऊन बसला.

डेलने पुन्हा फोन लावला. या वेळी सगळं वाचून दाखवलं, व्हिसा, परवाना, दोन्ही. परत आला तेव्हा म्हणाला, "डिलेड. नकार नाही, होकार नाही. त्यांना तपासायला वेळ हवाय. व्हिसावरच्यांचं बहुतेक असंच होतं."

"किती वेळ?"

"कळलं की फोन करतो. आणि होकार आल्याशिवाय मी बंदूक देत नाही, हे आताच सांगून ठेवतो."

परतताना घराजवळच्या सिग्नलला प्रताप म्हणाला, "आता सरकारच्या कुठल्यातरी टेबलावर आपलं नाव आहे. चौदा वर्षं नव्हतं."

मंगळवारी त्याने ग्रीन कार्डाचं सरकारी पोर्टल दिवसात किती वेळा उघडलं, ते तोच जाणे. बुधवारी सकाळी पोहे तसेच टाकून उठला. वकिलाला ई-मेल लिहायला बसला आणि पुसून टाकला. म्हणाला, "त्यालाही सांगितलं की तेही लिहून राहतं."

"मग राहू दे ना लिहून. खरं तेच राहील."

"तुला सोपं आहे सगळं."

"मला?" सुलेखा डबा भरत होती, तिने झाकण तसंच ठेवलं. "अहो, चौदा वर्षं फॉर्म तुम्ही भरता आणि सही मी करते. काय लिहिलंय ते एकदाही विचारलं नाही मी. चूक माझीच आहे ती. पण आता एकदा वाचून लिहिलं, तर त्याची भीती मला का घालता?"

रुचा जिन्यात उभी होती. "बाबा, शी फिक्स्ड इट," ती म्हणाली. "कॅन वुई प्लीज नॉट डू धिस बिफोर स्कूल?"

संध्याकाळी तो जरा निवळून आला, पण मुद्दा तोच. "कॅन्सल कर. डेलला सांग, नको. निदान पुढे तरी वाढणार नाही."

"अर्ध्यात सोडलं तर लपवल्यासारखं दिसेल."

"आणि नकार आला तर?"

नकार आला तर तोही कुठेतरी लिहिला जाणार, आणि मुलाखतीच्या दिवशी समोरच्या माणसाच्या पडद्यावर तो उमटणार. गुरुवारी देवापुढे दिवा लावताना तिने बंदूक मागितली नाही. निकाल लागू दे, एवढंच म्हणाली. त्या दिवशी किचनमध्ये फोन एप्रनच्या खिशात ठेवल्याबद्दल सुपरवायझरने तिला हटकलं. ती दोनशे मुलांना बटाटे वाढत होती आणि खिसा थरथरला की हात थांबत होता. एकदा दातांच्या डॉक्टरकडचा निरोप, एकदा रुचा. डेलचा नाहीच.

आर्लीनचा मात्र आला. "मी उद्या संध्याकाळी पाचला निघते. बंदूक असो नसो, तू ये. नसेल तर बॅटरी धर." तिने हे साधेपणाने म्हटलं होतं, माळ्यावरच्या बॅटरीचं तिला काही ठाऊक नव्हतं. सुलेखाने फोन ठेवला आणि कोथिंबीर फारच बारीक चिरली.

शुक्रवारी पावणेबाराला डेलचा फोन आला. "होकार आहे. चारच्या आत या, नंतर इथे पाय ठेवायला जागा नसेल."

तिने प्रतापला ऑफिसात फोन केला. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मी येतो," तो म्हणाला. "थांब. एकटी जाऊ नकोस."

दुकान खरंच भरलं होतं. नारिंगी जाकिटांची गर्दी, कुत्र्याला कुणीतरी बिस्किट घालत होतं. डेलने सोमवारचाच फॉर्म काढला, खोडलेल्या रेघेसकट. "आज दिवस वेगळा. त्या दिवशीची उत्तरं आजही खरी आहेत, अशी पुन्हा सही करायची. वाचून."

"वाचून," सुलेखा म्हणाली.

तिने पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिच्यामागे सहा माणसं होती. प्रताप आज मागे राहिला नाही, शेजारी येऊन उभा राहिला आणि तिच्या बोटाबरोबर वाचू लागला. एका शब्दावर ती अडली तेव्हा त्याने अर्थ सांगितला. काय लिहायचं ते मात्र सांगितलं नाही. रेघ मारलेल्या जागी दोघंही थांबले. तिची शॉर्ट सही, तारीख. मग पुढे. मागून कुणीतरी म्हणालं, "लेडी, हरणं म्हातारी होतायत," आणि दोन-चार जण हसले. सुलेखाने मान वर केली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन मग सही केली.

डेलने बंदूक मोडून रिकामी असल्याचं दाखवलं, खोक्यात ठेवली, कुलूप लावलं आणि खोकं काउंटरवर सरकवलं. प्रताप सवयीने पुढे झाला, जड काही असलं की तोच उचलायचा. त्याची बोटं मुठीला लागणार एवढ्यात सुलेखाने त्याचा हात बाजूला केला.

"तुम्ही हात लावू नका."

"अगं, फक्त गाडीपर्यंत—"

"तुमच्याकडे परवाना नाही."

प्रतापने हात मागे घेतला, जसा तव्यावरून घेतात तसा. डेलने तिच्याकडे बघून मान हलवली. "बरोबर. आणि घरी किल्ली तुमच्याकडेच, मॅडम. साहेबांकडे नाही."

खोकं सुलेखाला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. गर्दीने वाट दिली. प्रताप पुढे जाऊन दार धरून उभा राहिला. मग गाडीच्या डिकीचं झाकण उघडून बाजूला झाला, दोन्ही हात खिशात घालून. तिने खोकं नीट आडवं ठेवलं, कुलूप ओढून बघितलं आणि झाकण लावलं. बाहेर बर्फाचे बारीक कण पडायला लागले होते. पाचला आर्लीन निघणार होती.

"मी चालवू?" प्रतापने विचारलं.

"डिकीत बंदूक असताना?"

तो वळून पलीकडच्या बाजूने, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसला, निळी फाइल मांडीवर घेऊन.